‘ती मरणार नाही’ असं सांगितलं गेलं होतं: मुलगी गमावलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण कुटुंबाच्या आणि त्यांच्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. शोकात असलेल्या कुटुंबांसोबत मी काम करतो. पाळकांनी मला मधल्या टप्प्यावर सल्ल्यासाठी बोलावलं, त्यामुळे सुरुवातीचा भाग ऐकलेला आहे आणि पुढचा बराचसा पाहिलेला.

पार्श्वभूमी

घर चौघांचं. आई बरीच वर्षं मंडळीची (चर्चची) संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलवर्ग, सांभाळत होती. वडील कमिटीवर, हिशेब त्यांच्याकडे. मुलगी १६ वर्षांची, धाकटा भाऊ १२ चा. रविवारी घराला कुलूप असणारच, असं शेजारीपाजारी गृहीत धरून चालत.

मुलीला रक्ताचा कर्करोग निघाला. पहिल्या उपचारांनी आजार मागे हटला, काही महिने बरे गेले आणि मग तो उलटला. मंडळीने करायचं ते सगळं केलं. साखळी प्रार्थना झाली, उपास झाले. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना केली. रुग्णालयात रात्री थांबायला माणसं पाळीपाळीने येत होती. या काळाबद्दल कुटुंबाची काहीच तक्रार नाही, उलट कृतज्ञता आहे.

आजार उलटल्यानंतरच्या एका प्रार्थनासभेत मंडळीतले एक ज्येष्ठ बंधू उभे राहिले आणि म्हणाले, “प्रभू सांगतो, ही मुलगी मरणार नाही, जगेल.” शब्द ११८ व्या स्तोत्रातल्या १७ व्या वचनातले. स्तोत्रकर्ता तिथे स्वतःबद्दल, सुटका झाल्यावर बोलतो आहे. इथे ते देवाच्या तोंडचं, एका विशिष्ट मुलीबद्दलचं आश्वासन म्हणून उच्चारलं गेलं. सभेत ‘आमेन’ झालं. पाळक तिथेच होते. त्यांना ते खटकलं, पण त्या क्षणी आईबापांच्या चेहऱ्यावर आलेला उजेड पाहून ते गप्प राहिले.

त्या दिवसापासून घरात मरणाचा विषय बंद झाला. डॉक्टरांनी सुचवलं की आता बरं करण्याच्या उपचारांपेक्षा वेदना कमी करणाऱ्या, शेवटचे दिवस सुसह्य करणाऱ्या उपचारांकडे वळावं. आईवडिलांनी ते पुढे ढकललं. तो सल्ला मान्य करणं म्हणजे देवाच्या शब्दावर शंका घेणं, असं त्यांना वाटलं. एका रात्री मुलीने आईला विचारलं, “आई, मी गेले तर माझ्या वह्या कोणाला देशील?” आई म्हणाली, “असं बोलायचं नाही. आपण विश्वास ठेवलाय.” मुलीने पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

अडचण कुठे होती

पहिले काही आठवडे आई सगळ्यांना खंबीर वाटली. भेटायला येणाऱ्यांना तीच पाणी देई, तीच धीर देई. अंत्यविधीतला संदेश रोमकरांस पत्राच्या ८:२८ वर होता, की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरं आहे. पण आठवड्यापूर्वी जिच्या अंगावरून हात फिरवला तिच्या पेटीसमोर उभ्या असलेल्या बाईला ते ऐकताना काय वाटेल, याचा विचार निवडताना झाला नव्हता. योहान ११ मध्ये येशू मेलेल्या लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही आधी रडतो. तो भाग निवडता आला असता.

तीन महिन्यांनी मंडळीच्या वार्षिक सभेत आईला साक्ष द्यायला, म्हणजे आपला देवाचा अनुभव सर्वांपुढे सांगायला, सांगितलं गेलं. ती उभी राहिली आणि बायबलमधल्या ईयोबाचे, मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या माणसाचे, शब्द म्हणाली: “परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम.” लोक रडले. ‘केवढा विश्वास!’ असं जो तो म्हणाला. पुढे कधीतरी ती पाळकबाईंना म्हणाली, “मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. संडे स्कूलची मुलं म्हणतात ना, तसं.”

या वाक्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं असतं तर बरंच काही लवकर कळलं असतं. ईयोबाचं हे वाक्य पहिल्या अध्यायातलं आहे. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढचे कित्येक अध्याय देवाशी भांडतो. ४२ अध्यायांच्या पुस्तकातला पहिला अध्याय तेवढा आपण दुःखी माणसाच्या हातात ठेवतो आणि त्याने तिथेच थांबावं अशी अपेक्षा करतो.

साक्षीनंतर आईने घरी प्रार्थना करणं सोडलं. बाहेर कोणाला कळलं नाही, कारण शिकवणं चालू होतं, गाणं चालू होतं. झोप तीनचार तासांवर आली, वजन उतरलं. रोज रात्री वडील कौटुंबिक प्रार्थना घेत, ती बसून राही. त्यातच ज्येष्ठ बंधूंचं एक बोलणं फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं: शब्द देवाचाच होता, पण घरात कुठेतरी विश्वास कमी पडला असावा.

एका रात्री मुलाने विचारलं, “आपण प्रार्थना केली नसती तरी असंच झालं असतं ना?” वडील म्हणाले, “गप्प बस.” तो गप्प बसला आणि पुढच्या रविवारपासून पोट दुखतं म्हणून घरीच राहू लागला.

फुटलं ते संडे स्कूलमध्ये. त्या रविवारचा पाठ याइराच्या मुलीचा होता. १२ वर्षांची मुलगी, मेलेली, आणि येशू तिचा हात धरून तिला उठवतो. पाठांचं वेळापत्रक आधीच छापलेलं होतं, कोणी पाहिलं नव्हतं. एका लहान मुलाने विचारलं, “टीचर, मग तुमच्या दीदीला का नाही उठवलं?” आईने पुस्तक मिटलं, चप्पल घातली आणि ती घरी गेली. संध्याकाळी तिने पाळकसाहेबांना निरोप पाठवला की यापुढे ती येणार नाही.

सगळ्यांनी अडचणीला एकच नाव दिलं: तिचा विश्वास डळमळला. माझ्या मते नाव चुकलं होतं. मुलीच्या मरणानेच तिचा विश्वास मोडला असता तर तो पहिल्या आठवड्यात मोडला असता. तिला असह्य झालं होतं ते दोन गोष्टींमुळे. जे वाटत नाही ते देवासमोर आणि लोकांसमोर रोज बोलावं लागत होतं. आणि जे वचन देवाने दिलंच नव्हतं, त्याच्यापायी तिने मुलीचं शेवटचं बोलणं तोंडातच अडवलं होतं. ही दुसरी गोष्ट तेव्हा एकट्या तिलाच माहीत होती.

समोर असलेले पर्याय

पाळक, पाळकबाई आणि कमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ असे तिघे बसले. मला बोलावलं ते इथे.

काहींचं म्हणणं होतं की थांबावं, काळ जाईल तसं माणूस सावरतं. पण झोप आणि वजन पाहता थांबण्यात धोका होता. कमिटीतल्या दोघांनी सुचवलं की ‘दुःखाचा आत्मा’ निघून जावा म्हणून तिच्यासाठी घरी विशेष उपास-प्रार्थना ठेवावी. पाळकांनी याला स्पष्ट नकार दिला आणि मला वाटतं या प्रकरणातला हा पहिला शहाणपणाचा निर्णय होता. मुलीसाठी रडणाऱ्या आईच्या रडण्याला दुष्ट आत्मा ठरवलं की तिला पुन्हा खरं बोलायची सोय उरत नाही. शिवाय घरात माणसं जमवून मोठ्याने केलेली आणखी एक प्रार्थना तिला नेमकी त्याच सभेची आठवण करून देणार होती.

डॉक्टर आणि समुपदेशक यांच्याकडे पाठवण्यावर वाद झाला. “विश्वासणाऱ्याला समुपदेशक कशाला?” हा प्रश्न आला. त्यावर पाळकांनी १ राजे १९ वाचून दाखवलं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो आहे. देव त्याला प्रवचन देत नाही. दूत त्याला झोपू देतो, उठवून खायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाशी बोलणं त्यानंतर, डोंगरावर. वाद मिटला नाही, पण विरोध सौम्य झाला.

मी एक मुद्दा मांडला. शोक म्हणजे आजार नाही आणि त्याला घाईने नाव देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत दीर्घकाळ लांबलेल्या शोकाचा विकार नोंदलेला आहे, पण त्यासाठी किमान ६ महिने जावे लागतात. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित निकषांत प्रौढांसाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. म्हणजे इथे निदानाची वेळ आलेली नव्हती. मात्र पाळकबाईंशी बोलताना आई एकदा म्हणाली होती, “मला तिच्याकडे जायचंय.” हे वाक्य भक्तीचंही असू शकतं आणि जीव द्यायच्या विचाराचंही. दोन्हीतलं कोणतं, हे अंदाजाने ठरवायचं नसतं, सरळ विचारायचं असतं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे.

सगळ्यात अवघड पर्याय शेवटी आला: सभेत उच्चारल्या गेलेल्या त्या शब्दाचं काय करायचं? तो विषय काढला तर ज्येष्ठ बंधू दुखावणार, मंडळीत गट पडणार. न काढला तर तो शब्द त्या घरावर कायमचा आरोप म्हणून राहणार, कारण शब्द देवाचा असेल आणि मुलगी गेली असेल, तर दोष घरच्यांकडेच येतो. तिसरी वाट नव्हती. त्या बैठकीत यावर निर्णय झाला नाही.

काय केलं

पाळकबाईंनी दुसऱ्याच दिवशी आईला सरळ विचारलं, “ताई, जीव द्यावासा वाटतो का?” आई म्हणाली, “द्यावासा नाही वाटत, पण सकाळी उठले नाही तर बरं, असं वाटतं.” त्याच आठवड्यात त्या तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. झोपेवर उपचार सुरू झाले, समुपदेशन सुरू झालं. यापुढचं काहीही झोप परत आल्याशिवाय शक्य झालं नसतं.

संडे स्कूलमधून तिला मोकळं करण्याचा निर्णय बरोबर होता, रीत चुकली. कमिटीने ठराव केला आणि ‘जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे’ असं पत्र घरी गेलं. तिने ते शिक्षेसारखं वाचलं. कोणीतरी घरी जाऊन “वर्ग तुमचाच आहे, परत कधी यायचं ते तुम्ही ठरवा” एवढं म्हणायला हवं होतं.

आता खरी कामाची गोष्ट. दर गुरुवारी संध्याकाळी पाळकबाई आणि मंडळीतल्या एक वृद्ध विधवा, ज्यांना सगळे मावशी म्हणत, आईकडे जाऊ लागल्या. मावशींचा मुलगा तरुणपणी गेलेला होता, पण त्यांनी ते पहिल्या दिवशी सांगितलं नाही. नियम ठरलेले होते. कारणं सांगायची नाहीत. तिला प्रार्थना करायला सांगायचं नाही. एक स्तोत्र वाचायचं, थोडा वेळ बसायचं, उठायचं. ईयोबाच्या मित्रांनी केलेली एकमेव चांगली गोष्ट हीच होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्द बोललं नाही. घोटाळा त्यांनी तोंड उघडल्यावर झाला.

स्तोत्रं निवडली ती विलापाची. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश या प्रकारात मोडतात, तरी संडे स्कूलच्या पाठांतरात त्यांतली फारशी येत नाहीत. १३ वं वाचलं, ४२ वं, ७७ वं. आई ऐकून घेई. या स्तोत्रांत शेवटी वळण येतं, तक्रार करता करता माणूस पुन्हा भरवशाकडे येतो. ८८ व्यात ते येत नाही. हेमान एज्राहीच्या नावावर असलेलं हे स्तोत्र अंधारातच संपतं. पाळकबाई ते वाचून थांबल्या. आईने विचारलं, “पुढे?”

“पुढे नाही. संपलं.”

“हे असं बायबलमध्ये आहे?” इतकी वर्षं शिकवलेल्या बाईचा हा प्रश्न. तिने तेच पुन्हा वाचायला सांगितलं. त्यानंतर कित्येक गुरुवार दुसरं स्तोत्र वाचलं गेलं नाही.

मधल्या काळात ती एकदा म्हणाली की तिला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं होतं. पाळकांनी तिला मदर तेरेसांबद्दल सांगितलं. त्यांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्या अनेक दशकं आतून अंधार आणि देवाचं मौन अनुभवत होत्या हे जगाला कळलं. आईवर याचा फारसा परिणाम झाला नाही. “त्या मदर तेरेसा होत्या, पाळकसाहेब,” एवढंच ती म्हणाली. थोरांची उदाहरणं दुःखी माणसाला बऱ्याचदा आणखी लहान करून सोडतात, हे मी इतर घरांतही पाहिलं आहे. गंमत म्हणजे शेजारी बसलेल्या वडिलांना ते लागू पडलं. ते त्याबद्दल पुढे कितीतरी दिवस विचारत राहिले.

मावशींनी जे केलं ते जास्त उपयोगी ठरलं. त्या म्हणाल्या, “तू नको करूस प्रार्थना. मी करते तुझ्या वाटची. तुला जमेल तेव्हा सांग, मी थांबेन.” मार्क २ मध्ये चौघे जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उसकतात आणि बाज खाली सोडतात. येशू ‘त्यांचा विश्वास पाहून’ बोलला, असं तिथे लिहिलं आहे. बाजेवरच्या माणसाने काही म्हटल्याची नोंद नाही.

व्यासपीठावरून बोलायचं की नाही, हा निर्णय पाळकांनी बरेच दिवस टाळला. तो झाला तो आईने अखेर वह्यांची गोष्ट सांगितल्यावर. मुलीने विचारलेलं, आईने अडवलेलं. ते ऐकून पाळक हादरले, कारण आता त्या शब्दाची किंमत कळली होती: एका मुलीला आपल्या आईशी मरणाबद्दल बोलता आलं नव्हतं. ते ज्येष्ठ बंधूंकडे गेले. शब्द मागे घ्यावा, निदान कुटुंबाकडे जाऊन बोलावं, अशी विनंती केली. बंधूंनी याकोब ५:१५ पुढे केलं, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. पाळक पुन्हा गेले. उत्तर तेच.

पुढच्या एका रविवारी त्यांनी नाव न घेता सांगितलं: “या मंडळीत एका आजारी मुलीबद्दल देवाच्या नावाने एक शब्द बोलला गेला. तो देवाचा नव्हता. मी तिथे होतो आणि गप्प राहिलो. त्या घराचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणालं असेल, तर ते खरं नाही.” मग त्यांनी तीनच गोष्टी वाचल्या. अनुवाद नावाच्या पुस्तकातलं १८:२२, की परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे. २ तीमथ्य ४:२०, जिथे प्रेषित पौल सांगतो की आजारी त्रफिमाला त्याने मिलेतात ठेवून पुढचा प्रवास केला. ज्याच्या हातून अनेक जण बरे झाले, त्याचा जवळचा सोबती बरा झाला नाही आणि पौल त्याबद्दल कोणाला दोष देत नाही. आणि २ करिंथ १२, जिथे त्याच पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. शिलोहातला बुरूज कोसळून मेलेल्या १८ जणांचा दाखला त्यांनी तयारीत काढला होता. ती माणसं इतरांहून अधिक पापी नव्हती, असं येशू लूक १३ मध्ये सांगतो. पण त्याच श्वासात तो ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाची हाकही देतो, म्हणून पाळकांनी तो भाग त्या दिवशी वगळला. मला हा विवेक आवडला.

वडिलांसाठी फार काही केलं नाही. समुपदेशकाने दोघांना एकत्र बसवून एक गोष्ट समजावली. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावे घेतो, कधी गमावलेल्याकडे, कधी पुढच्या आयुष्याच्या कामांकडे, आणि दोन्हीकडे जाणं येणं हेच निरोगी असतं. नवरा-बायको एकाच वेळी एकाच बाजूला असतील असं नाही. आईला वाटत होतं हा विसरला. वडिलांना वाटत होतं ही बुडाली. त्या दिवसानंतर निदान एकमेकांवरचा तो आरोप थांबला.

काय झालं

बंधू आणि त्यांच्या जवळची तीन कुटुंबं मंडळी सोडून गेली.

पाळकांच्या त्या निवेदनानंतर काही आठवड्यांनी, एका गुरुवारी, ८८ वं स्तोत्र वाचून झाल्यावर आई स्वतःहून बोलली. डोळे मिटले नव्हते. “तू मला तिला निरोपसुद्धा देऊ दिला नाहीस,” ती म्हणाली. पाळकबाईंना क्षणभर वाटलं ती त्यांच्याशी बोलते आहे. मग कळलं. मावशींनी फक्त ‘आमेन’ म्हटलं.

कित्येक महिन्यांनंतरची तिची ही पहिली प्रार्थना. वार्षिक सभेतल्या साक्षीशेजारी ही ठेवून पाहिली तर खरी कोणती, याबद्दल मला शंका नाही. ईयोब ४२:७ मध्ये देव ईयोबाच्या मित्राला, अलीफजाला, सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत. मित्र सगळा वेळ देवाची बाजू घेत होते. ईयोब त्याला जाब विचारत होता.

दीड वर्षानंतरचं चित्र असं. आई उपासनेला येते, शेवटच्या बाकावर बसते, प्रभुभोजन घेते. काही गीतं सुरू झाली की ती तोंड बंद ठेवते आणि त्याबद्दल तिला कोणी विचारत नाही. ११८ वं स्तोत्र ती वाचत नाही. वर्षभराने ती शिकवायला परतली, पण लहानांना नाही, मोठ्या मुलांना. तिथे तिने ईयोबाचा तिसरा अध्याय घेतला, तेव्हा एका पालकाने तक्रार केली की मुलांना असलं निराशेचं कशाला. पाळकांनी वर्ग चालू ठेवला. मुलीच्या वह्या तिने अजून कोणाला दिलेल्या नाहीत.

वडील जसे होते तसेच दिसतात. हिशेब लिहितात, रात्री प्रार्थना घेतात. “मला प्रश्न नाहीत,” असं ते म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं की ते दाबत आहेत आणि कोणीतरी झाकण उघडायला हवं. आता तसं वाटत नाही. प्रत्येकाचा विश्वास भांडणातूनच जावा असा काही नियम नाही. जे त्यांना वाटतं तेच ते बोलत असतील, तर त्यांचं शांत राहणंही तितकंच खरं आहे. फक्त आता ते मुलाला गप्प बस म्हणत नाहीत.

मुलगा येत नाही. तरुण संघाच्या एका दादाशी त्याचं जमतं. त्याने तोच जुना प्रश्न दादाला विचारला आणि दादा म्हणाला, “हो, कदाचित असंच झालं असतं. मलाही कळत नाही.” मुलगा म्हणतो की सध्या त्याचा विश्वास नाही. आईवडिलांनी जबरदस्ती न करायचं ठरवलं आहे. हे त्यांना सगळ्यात जड जातं, आणि पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला आणि सर्वांत मोठा निर्णयाचा क्षण प्रार्थनासभेतला होता. बंधूंना तिथल्या तिथे खोडून काढायला हवं होतं असं नाही. पण १ थेस्सल ५ मध्ये संदेश तुच्छ मानू नका आणि सर्व पारखून घ्या, ही दोन्ही वाक्यं लागून येतात. त्याच आठवड्यात पाळक घरी जाऊन म्हणू शकले असते की आपण बरं होण्यासाठी मागत राहू, पण हा शब्द मी देवाचा म्हणून तुमच्यावर ठेवत नाही. दानिएल ३ मधले तिघे तरुण भट्टीसमोर राजाला हेच म्हणतात: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या ‘तरी’ ला घरात जागा असती, तर वह्यांचं बोलणं झालं असतं.

त्याला जोडूनच डॉक्टरांच्या सल्ल्याचा मुद्दा. वेदना कमी करणारे उपचार घेणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे आईवडिलांना पाळकाच्या तोंडून ऐकायची गरज होती. डॉक्टर ते सांगू शकत नव्हते.

साक्ष मागायला नको होती. ताज्या शोकातल्या माणसाने स्वतःहून बोलायचं म्हटलं तर जरूर बोलू द्यावं, पण कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव घालू नये. लोकांना तिची साक्ष हवी होती ती बरीचशी स्वतःच्या धीरासाठी. मंडळीच्या प्रार्थनेला उत्तर आलं नव्हतं आणि त्या अवघडलेपणातून तिने सगळ्यांना सोडवावं अशी ती मागणी होती. पाठाचं वेळापत्रक पाहणं, पत्राऐवजी घरी जाणं, या दहा मिनिटांच्या गोष्टी होत्या.

भावाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आजारपणाचं सव्वा वर्ष आणि नंतरचे कितीतरी महिने सगळे आईकडे पाहत होते. त्याने पोटदुखीचं कारण सांगितलं त्याच रविवारी दादाला पाठवता आलं असतं.

आणि ते ज्येष्ठ बंधू. मुलगी आजारी असताना रुग्णालयात सगळ्यात जास्त रात्री थांबलेले तेच होते. तिच्यावर त्यांचा जीव होता, आणि मला वाटतं तो शब्द त्या जिवातूनच निघाला, देवाचा समजून. ते मंडळी सोडून गेल्यावर त्यांच्या घरी कोणीच गेलं नाही.

व्यासपीठावरच्या निवेदनाच्या वेळेबद्दल मतभेद आजही आहे. पाळकांना वाटतं ते अंत्यविधीच्याच दिवशी व्हायला हवं होतं, म्हणजे पुढचे महिने वाचले असते. आईला तसं वाटत नाही. ती म्हणते की त्या दिवशी तिने ते ऐकलंच नसतं, आणि ऐकलं असतं तर पाळकसाहेबांनी आपल्या हातातला शेवटचा आधारही काढून घेतला, असंच तिला वाटलं असतं.